दारू पिणारे देव आणि त्यांना बघणारे राजे: बरोक काळातले बॅकस कसे वाचावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. सतराव्या शतकातल्या, म्हणजे बरोक काळातल्या, युरोपीय चित्रांत मद्याचा देव बॅकस, त्याचा ढेरपोट्या म्हातारा गुरू सायलेनस, बकऱ्याच्या पायांचे सॅटर आणि बेभान नाचणाऱ्या बायका यांचा जो धिंगाणा दिसतो, त्याचा अर्थ कसा लावायचा? तो निव्वळ विलास आहे, की दारूच्या दुष्परिणामांचा धडा? चर्चने चित्रांवर करडी नजर ठेवली त्याच काळात ही चित्रं कार्डिनलांच्या, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्यांच्या, महालांत कशी काय रंगवली गेली? आणि नवख्याने कुठल्या चित्रापासून सुरुवात करावी?

मी बरीच वर्षं कलेचा इतिहास शिकवते आणि हा प्रश्न वर्गात हमखास येतो. ‘ग्रीक पुराणातली गोष्ट आहे’ एवढं सांगून पुढे गेलं तर मुलं गप्प बसतात, पण त्यांचं समाधान होत नाही. आपल्याकडच्या कलाशिक्षणात ही चित्रं मुख्यतः शरीररचना आणि मांडणीचे नमुने म्हणून समोर येतात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पिढ्यान्‌पिढ्या प्लास्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून रेखाटन गिरवलं गेलं. त्यामुळे आपल्या डोळ्यांना स्नायू, वळणं, छायाप्रकाश चटकन दिसतात. मात्र चित्र मागवलं कोणी, पैसे किती दिले, कुठल्या खोलीत टांगलं आणि त्यासमोर उभं राहून कोण बघत होतं, हे विचारायची सवय आपल्याला लागलेली नसते. मद्योत्सवाच्या चित्रांत तर हे प्रश्न टाळून चालतच नाही. कारण देव तोच, प्याला तोच, कथा तीच. पण खोली बदलली की चित्र वेगळंच बोलायला लागतं.

आधी चर्चचं बघू. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटमधल्या धर्मसभेने १५६३ मध्ये चित्रांबद्दल जो ठराव केला, त्याचा रोख देवळातल्या, भक्तीसाठी असलेल्या प्रतिमांवर होता. खाजगी महालातल्या भिंतींवर त्याचा थेट अंमल नव्हता. नाराजी होती, नाही असं नाही. बोलोन्याचे धर्मप्रमुख गाब्रिएले पालेओत्ती यांनी १५८२ मध्ये चित्रांवर एक मोठा ग्रंथच काढला आणि त्यात अश्लील चित्रांबरोबर मूर्तिपूजकांच्या देवांची चित्रं बाळगण्यावरही टीका केली. गंमत अशी की ज्याने पुढे रोममध्ये या देवांचा सगळ्यात भव्य उत्सव रंगवला, तो अन्नीबाले काराच्ची याच बोलोन्याचा. तेव्हा कार्डिनल म्हणजे विरक्त संन्यासी, अशी कल्पना मनात असेल तर ती काढून टाका. बहुतेक कार्डिनल बड्या घराण्यांतले धाकटे मुलगे असत. थोरल्याने जहागीर सांभाळायची, धाकट्याने रोममध्ये घराण्याचं वजन वाढवायचं, अशी सरळ वाटणी असे.

ओदोआर्दो फार्नेझे हा त्यातलाच. पोप पॉल तिसरे यांचा हा खापरपणतू. या घराण्याची सगळी भरभराट त्या पोपपदापासून सुरू झालेली. ओदोआर्दो १५९१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी कार्डिनल झाला. १५९५ मध्ये अन्नीबाले रोमला आला आणि दोन वर्षांनी फार्नेझे महालातल्या गॅलरीच्या छताचं काम सुरू झालं. दालन सुमारे २० मीटर लांबीचं, वर कमानदार छत, विषय देवांचे प्रेमप्रसंग. छताच्या मधोमध बॅकस आणि आरियाद्ने यांची लग्नाची वरात आहे. बॅकसचा सोन्याचा रथ वाघ ओढतायत, झांजा वाजतायत, सायलेनस गाढवावरून घसरू नये म्हणून सोबत्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलंय.

आता बाहेरची हकीगत जोडून बघा. १६०० च्या मे महिन्यात ओदोआर्दोचा थोरला भाऊ, पार्माचा ड्यूक रानुच्चो याचं लग्न मार्गेरिता आल्दोब्रान्दिनीशी झालं. मार्गेरिता म्हणजे त्या वेळी गादीवर असलेले पोप क्लेमेंट आठवे यांच्या घरची मुलगी. तिचं वय बारा, रानुच्चोचं एकतीस. फार्नेझे घराण्याचं पोपपद इतिहासजमा झालेलं, आल्दोब्रान्दिनींचं ताजं. एकाकडे जुनी प्रतिष्ठा, दुसऱ्याकडे नवी सत्ता. छतावरची वरात या लग्नाशी जोडून बघणारे अभ्यासक बरेच आहेत आणि मला ते पटतं. एवढ्या थोरामोठ्यांच्या सोयरिकीत घराला शोभेल असं वऱ्हाड हवं, तर मग ते थेट देवांचंच का नको? प्रियकराने बेटावर सोडून दिलेल्या राजकन्या आरियाद्नेला देव स्वतः येऊन वरतो, ही कथा अशा प्रसंगाला चपखल बसते. त्या बारा वर्षांच्या मुलीला यातलं काय वाटलं असेल, हे मात्र छतावर कुठे दिसत नाही. आणि सामाजिक संदर्भाने वाचायचं म्हटलं तर ही उणीवही नोंदवायलाच हवी.

या छताचा नैतिक अर्थ सांगणारे लोक चारही कोपऱ्यांतल्या छोट्या पंखधारी मुलांकडे बोट दाखवतात. ती एकमेकांशी झोंबतायत. स्वर्गीय प्रेम आणि ऐहिक प्रेम यांचा तो झगडा आहे, म्हणून वरचा सगळा धुमाकूळ म्हणजे ऐहिक वासनांचं दर्शन, असा तो अर्थ. हे स्पष्टीकरण चरित्रकार बेल्लोरीने १६७२ मध्ये छापलं. अन्नीबाले १६०९ मध्येच वारलेला होता. म्हणजे चित्र आणि त्याचा बोध यांच्यात सत्तर वर्षांचं अंतर आहे. बेल्लोरीने ते पदरचं घातलं, असं मी म्हणणार नाही. रूपकं लावून वाचणं ही त्या काळच्या सुशिक्षितांची रोजची सवय होती आणि कार्डिनलच्या पाहुण्यांपैकी कोणी विचारलंच तर असं उत्तर तयार असणं सोयीचंही होतं. पण त्या दालनात बसलेल्यांचं लक्ष बहुधा दुसरीकडे असणार. भिंतींतल्या कोनाड्यांत घराण्याचे जगप्रसिद्ध प्राचीन पुतळे उभे होते. वर रंगवलेला कुठला देह खालच्या कुठल्या संगमरवराची आठवण करून देतो, कुठली ओळ कुठल्या लॅटिन कवीतली, हे ओळखण्यात तिथल्या पाहुण्यांची रंगत होती. ज्याला ते ओळखता येई, तो त्या वर्तुळातला. देवांचा बेभानपणा बघायला तिथे चांगलंच भान लागत होतं. आणि काम करणाऱ्याचं म्हणाल, तर चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे इतक्या वर्षांच्या खपण्यानंतर अन्नीबालेच्या हातावर अवघे ५०० स्कुदी (रोमची तेव्हाची नाणी) टेकवले गेले. तो त्यानंतर खचला तो पुन्हा नीट उभा राहिला नाही.

या वरातीत एक हत्तीही आहे, तो आपल्यासाठी मोलाचा आहे. बॅकसने हिंदुस्थान जिंकला आणि तो विजयी होऊन परतला, ही कथा सिकंदराच्या स्वारीनंतर युरोपात रुजली. त्यामुळे चित्रांतल्या ‘बॅकसच्या विजयात’ वाघ, बिबटे, हत्ती येतात ते आपल्या बाजूचे म्हणून. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजं खरोखरच इथे पोचल्यावर या जुन्या कथेला नवी धार आली. गोव्यात राहून गेलेल्या पोर्तुगीज कवी कामोंइशने १५७२ मध्ये छापलेल्या ‘लुसियाद’ या महाकाव्यात वास्को द गामाच्या वाटेत अडथळे आणणारा देव बॅकसच आहे. पूर्वेवरचं आपलं नाव पोर्तुगीज पुसून टाकतील, ही त्याची धास्ती. म्हणजे मद्याचा देव हा त्या काळच्या युरोपीय वाचकाला जिंकणारा देवही वाटत होता. रथ, वाघ, झांजा यांच्यात लष्करी मिरवणुकीचा ताल आहे, आणि दरबारांना हा देव इतका आवडायचं ते एक मोठं कारण आहे.

जिंकण्यावरून आठवलं. व्हेनिसचा चित्रकार तिशियन याने १५२० च्या दशकात फेर्राराच्या ड्यूक आल्फोन्सो देस्तेसाठी रंगवलेला ‘आंद्रोस बेटावरचा मद्योत्सव’ हा बरोक चित्रकारांचा गुरुग्रंथच होता. त्या बेटावर पाण्याऐवजी वाइनची नदी वाहते आणि सगळं गाव तिच्या काठी लोळतंय. १५९७ मध्ये एस्ते घराण्याचा ड्यूक औरस वारस न ठेवता वारला, पोपने फेर्रारा आपल्या राज्यात सामील केलं आणि १५९८ मध्ये कार्डिनल पिएत्रो आल्दोब्रान्दिनीने तिशियनची चित्रं उचलून रोमला नेली. म्हणजे चक्क लूट. पुढे ‘आंद्रोस’ लुदोविसी घराण्याकडे गेलं. रोममध्ये आलेल्या, फ्रेंच चित्रकार पूसाँसारख्या तरुणांनी ते तिथेच डोळे भरून पाहिलं. आणि १६३७-३८ च्या सुमारास पिओम्बिनोच्या जहागिरीच्या बदल्यात ते स्पेनच्या राजाला नजर करण्यात आलं. आज ते माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात आहे. एका मद्योत्सवाच्या चित्रामागे एवढं राजकारण आहे आणि त्यातलं काहीही कॅनव्हासवर दिसत नाही.

माद्रिदच्या त्याच राजाकडे, चौथ्या फिलिपकडे, एक बॅकस आधीपासून होता आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं चित्र तेच आहे: त्याचा दरबारी चित्रकार दिएगो व्हेलाझ्केझचं ‘बॅकसचा विजय’. १६२८-२९ मधलं. जुलै १६२९ मध्ये या चित्राचे १०० दुकाद (स्पेनची तेव्हाची नाणी) चुकते केल्याची नोंद आहे. लोक त्याला ‘दारुडे’ म्हणून ओळखतात, पण ते नाव खूप नंतरचं. दरबारी कागदांत ते बॅकसचं चित्र होतं.

जरा निरखून बघा. बॅकस एका पिंपावर बसलाय. अंग उघडं, पांढुरकं, मऊ. चेहरा मात्र देवाचा वाटत नाही, कुठल्याही खानावळीत भेटेल अशा तरुणाचा वाटतो. समोर गुडघे टेकून बसलेल्या एकाच्या डोक्यावर तो पानांचा मुकुट ठेवतोय आणि नजर भलतीकडेच आहे. देवाच्या पायाशी एक सुरई आणि एक बाटली. डावीकडे, देवाच्या बाजूला, पुराणातली मंडळी: उघड्या अंगाची, पानं माळलेली. उजवीकडे मात्र पुराण संपतं. तिथे जाड्याभरड्या तपकिरी झग्यांतले, उन्हाने रापलेले, सुरकुतलेले स्पॅनिश गरीब आहेत. रुंद कडांची टोपी घातलेला एक जण वाइनने भरलेला वाडगा हातात धरून सरळ आपल्याकडे बघून हसतोय. त्याचे दात, गालांवरच्या घड्या, नाकाची लाली, सगळं इतकं जवळून रंगवलंय की तो माणूस व्हेलाझ्केझने समोर बसवला होता याबद्दल शंका राहत नाही. आणि अगदी उजवीकडे, मागे, एक जण टोपी काढून अदबीने पुढे येतोय. बहुतेक जण त्याला भिकारी मानतात.

सामाजिक संदर्भ म्हणतात तो इथे कामाला येतो. हे चित्र टांगलं होतं माद्रिदच्या आल्काझार राजवाड्यात. १६३६ च्या यादीत ते राजाच्या उन्हाळी शयनगृहात नोंदलेलं आहे. दिवाणखान्यात नाही, राजा झोपतो त्या खोलीत. तेव्हा तो टोपीवाला आपल्याकडे बघून हसतोय असं आपण म्हणतो खरं, पण मुळात तो हसत होता राजाकडे बघून. अख्ख्या स्पेनमध्ये असं हसत वाडगा राजाच्या तोंडासमोर धरायची हिंमत कोणा शेतकऱ्याची नव्हती. चित्रात ती मुभा आहे, आणि ती मुभा राजानेच विकत घेतलेली आहे.

यावरून दोन उलटे अर्थ निघतात आणि दोन्ही मांडले गेले आहेत. एक: दरबाराला खालच्या वर्गाची टवाळी बघायला आवडे. चौथ्या फिलिपच्या दरबारात विदूषक आणि बुटके ठेवलेले असत, लफंग्यांच्या कथा चवीने वाचल्या जात. स्पेनमध्ये वाइन रोजच्या जेवणातली, पण झिंगलेलं दिसणं अब्रूला बट्टा लावणारं. त्यामुळे झिंगलेला गरीब हा वरच्यांसाठी हसायचा विषय. दुसरा अर्थ असा, की बॅकस इथे दुःख हलकं करणारा देव आहे. ज्यांच्या वाट्याला कष्टांशिवाय काही आलं नाही, त्यांच्यात तो स्वतः उतरून येतो आणि कवीला किंवा विजेत्याला घालावा तसा मुकुट त्यांना घालतो.

मी दुसऱ्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण चित्रात आहे तसंच काळातही आहे. १६२७ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने दिवाळं जाहीर केलं. १६२८ च्या ऑगस्टमध्ये तांब्याच्या नाण्यांची किंमत एका फर्मानाने निम्मी केली. गरिबाच्या गाठीला तांब्याचंच नाणं असायचं, म्हणजे मार बसला तो त्यालाच. पुढच्याच महिन्यात डच नौदलाने क्युबाजवळ चांदीचा आख्खा ताफा पकडला. रस्त्यांवर फ्लँडर्सच्या लढाईतून परतलेले, पगार थकलेले शिपाई हिंडत होते. गुडघे टेकलेल्या त्या माणसाला काही अभ्यासक शिपाईच मानतात. अशा वर्षात व्हेलाझ्केझ हे चेहरे रंगवतोय. त्याने सेव्हिल्यात पंचविशीच्या आतच अंडी तळणारी म्हातारी आणि पाणी विकणारा म्हातारा रंगवले होते, आणि त्या माणसांना त्याने जो मान दिला तोच इथे दिसतो. टवाळी करायची असती तर तोंडं वेडीवाकडी झाली असती, कोणी ओकताना, कोणी लोळताना दाखवला असता. फ्लेमिश आणि डच चित्रांत हे सर्रास आहे. इथे एकही जण तोल गेलेला नाही. थट्टेची जागा असलीच तर ती देवाच्या वाट्याला आलीय, कारण सगळ्यांत बेतलेला, सोंग वठवल्यासारखा चेहरा त्याचाच आहे.

आणखी एक तपशील. १६२८ च्या सप्टेंबरपासून एप्रिल १६२९ पर्यंत फ्लेमिश चित्रकार रुबेन्स माद्रिदमध्ये होता. आला होता राजदूत म्हणून, पण राजाच्या संग्रहातल्या तिशियनच्या चित्रांच्या नकला करत होता आणि व्हेलाझ्केझ ते बघत होता. पुराणकथा रंगवायची हिंमत व्हेलाझ्केझला तिथून मिळाली असेल. तरी रुबेन्सची मांसल, घरंगळणारी गर्दी त्याने घेतली नाही. अंगं उघडी टाकली ती दोन-तीनच, तीही पुरुषांची. तेव्हाच्या स्पेनमध्ये नग्नतेचा प्रश्न नाजूक होता. इटालियन संग्राहक कास्सियानो दाल पोत्सो १६२६ मध्ये माद्रिदला आला तेव्हा त्याने लिहून ठेवलंय, की राणी येणार असली की नग्न चित्रं झाकून ठेवत. पुढे १६४० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायालयाने, अश्लील चित्रं करणाऱ्या-आणणाऱ्यांसाठी बहिष्कार, ५०० दुकाद दंड आणि वर्षभर हद्दपारी अशी शिक्षा ठरवली. राजाच्या खाजगी खोल्यांना ती लागू पडत नव्हती, हे वेगळं सांगायला नको. कोणाला काय बघायची मुभा आहे, यावरून माणसाची पायरी कळत होती.

फ्रान्सच्या राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशल्यू याचे मद्योत्सव मी पटकन सांगते. पूसाँने ते रोमहून १६३६ मध्ये पाठवले आणि ते रिशल्यूच्या गावाकडच्या गढीत, राजासाठी राखलेल्या दालनात लागले. त्यातला ‘पॅनचा विजय’ (पॅन म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रानदेव) लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. नाचणारे, पडणारे, गाढवं, मुखवटे यांची एवढी गर्दी, पण एक हात इकडचा तिकडे झाला तरी मांडणी ढासळेल इतकी ती काटेकोर बांधलेली. पूसाँ मेणाच्या बाहुल्या करून त्या पेटीत मांडायचा आणि त्यांवर प्रकाश कसा पडतो ते बघून मग रंगवायचा. त्याच १६३६ मध्ये स्पेनची फौज कोर्बी हे फ्रेंच गाव जिंकून पॅरिसच्या दिशेने सरकली होती. राज्य शिस्तीत आणण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या मंत्र्याला असा, एका पावलाचीही चूक न करणारा धिंगाणा आवडावा, याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

आता खालच्या मजल्यावर या, कारण चित्रकार स्वतः कसे पीत होते ही बाजू बहुतेक जण विसरतात. रोममध्ये नेदरलँड्समधून आलेल्या तरुण चित्रकारांची १६२० च्या आसपास एक टोळी झाली, बेंटफ्यूगेल्स नावाची. स्थानिक चित्रकारांच्या सेंट ल्यूक अकादमीला वर्गणी द्यायला ते तयार नव्हते आणि त्यावरून कटकटी चालत. टोळीत नवा भिडू घ्यायचा तर खानावळीत विधी व्हायचा: पानांचे मुकुट, बॅकसचं सोंग, वाइनने केलेला खोटा बाप्तिस्मा आणि एक टोपणनाव. पीटर व्हान लारचं ‘बाम्बोच्चो’ हे नाव तर अख्ख्या एका चित्रशैलीला चिकटलं. बिल त्या नव्या भिडूने भरायचं. रात्रभर पिऊन पहाटे सगळी वरात शहराबाहेरच्या सांता कोस्तान्झा या चौथ्या शतकातल्या वास्तूकडे जायची. तिथल्या छतावर द्राक्षं तोडण्याची मोझेक चित्रं आणि आत, त्या काळी, तांबड्या पॉर्फिरी दगडाची शवपेटी. ती सम्राट कॉन्स्टंटाइनच्या मुलीची, पण तेव्हा लोक तिला बॅकसची कबर म्हणत. तिथे पुन्हा पिणं व्हायचं. त्यांनी खरवडलेली नावं तिथल्या कोनाड्यात आजही दिसतात. अखेर १७२० मध्ये पोप क्लेमेंट अकरावे यांनी या प्रकारावर बंदी घातली. बाप्तिस्म्याची थट्टा त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

या पोरांचं पिणं आणि फार्नेझेच्या छतावरचं पिणं यांत देव तोच आहे. पण तिथे तो घराण्याचं वजन सांगतो आणि इथे परक्या शहरात, अकादमीच्या बाहेर राहिलेल्या कारागिरांना एकमेकांशी बांधतो. शिवाय ज्या हातांनी महालांतले मद्योत्सव रंगवले गेले त्यांतले काही हात याच खानावळीत बिलावरून भांडत होते. ‘सिक बॅकस’ म्हणून ओळखलं जाणारं काराव्हाज्जोचं १५९३ च्या सुमाराचं चित्र मला या बाजूला जवळचं वाटतं: पिवळट ओठ, आजारी रंग, म्हणजे पोटासाठी दुसऱ्याच्या कारखान्यात फुलं-फळं रंगवणारा एक तरुण, बहुधा काराव्हाज्जो स्वतःच. त्याच्याच, फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातल्या बॅकसची नखं काळी आहेत, समोरची फळं किडकी आणि फुटलेली आहेत. देवाच्या अंगावरची चादर खाटेवरची वाटते.

नेपल्समधल्या रिबेराच्या १६२६ च्या ‘नशेतला सायलेनस’बद्दल फक्त एवढंच सांगते की ते एका कार्डिनलकडे नव्हे, गास्पार रूमर या गडगंज फ्लेमिश व्यापाऱ्याकडे होतं. पोट आकाशाकडे करून आडवा पडलेला तो नागडा म्हातारा बघायला व्यापाऱ्याचं घरच हवं होतं. फार्नेझेच्या छताला तो शोभला नसता.

आता बोध की विलास, याचं उत्तर. तीन तयार अर्थ सगळीकडे फिरतात. पहिला, प्रत्येक मद्योत्सव म्हणजे नश्वरतेची शिकवण. दुसरा, प्रत्येक मद्योत्सव म्हणजे दडपलेल्या लोकांचं बंड. तिसरा, सगळं काही म्हणजे झाकलेली कामवासना. प्रत्येकात काही चित्रांपुरतं तथ्य आहे आणि तिन्हींची खोड एकच: चित्र बघण्याआधीच उत्तर ठरलेलं असतं. बंडाचा अर्थ तर मला सगळ्यांत कमी पटतो, कारण ही चित्रं विकत घेणारे राजे, मंत्री, कार्डिनल आणि सावकार होते. त्यांना स्वतःविरुद्धचं बंड शयनगृहात टांगायचं कारण नव्हतं. विलास होताच, पण तो कोणाला परवडतो हे दाखवणारा विलास. बोधही होता, पण तो बहुधा पाहुण्याने विचारल्यावर सांगायचा.

म्हणून चित्र हाती घेतलं की आधी जुनी यादी शोधा: कुठल्या वर्षी, कोणाकडे, कुठल्या खोलीत. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर हा मालकीचा इतिहास बहुतेक वेळा दिलेला असतो आणि लोक तो वाचत नाहीत. मग कपडे बघा. कोण उघडं आहे, कोण त्या काळच्या साध्या कपड्यांत आहे, आणि या दोन गटांच्या मधली रेघ चित्रात कुठून जाते. मग नजरा बघा. चित्राबाहेर कोण बघतंय, आणि त्याच्या समोर मुळात कोण उभं होतं.

सुरुवात व्हेलाझ्केझपासूनच करा. प्राडोच्या संकेतस्थळावर ते चित्र चांगलं मोठं करून बघता येतं. त्यानंतर ताबडतोब लूव्हरमधलं रुबेन्सचं १६३५ च्या सुमाराचं ‘कर्मेस’, म्हणजे गावजत्रेचं चित्र घ्या. तिथे एकही देव नाही, सगळे शेतकरी; पण एकमेकांना विळखा घालून फिरणाऱ्या जोड्या त्याच्या मद्योत्सवांतल्यासारख्याच आहेत. अंगावर कपडे आहेत एवढाच फरक. शेतकऱ्यांची ही जत्रा १६८५ मध्ये चौदाव्या लुईच्या संग्रहात गेली. ती राजाला का हवीशी वाटली असेल, हे व्हेलाझ्केझच्या टोपीवाल्याशेजारी ठेवून तुम्हीच ताडून बघा. माझं उत्तर तुमच्याहून वेगळं निघालं तर मला ते ऐकायला नक्की आवडेल.